नोटपॅड की वर्ड? गटाचं लिखाण कशात करायचं



आपल्या गटाचं कामकाज वहीतून कॉम्प्युटरवर कधी गेलं ते कळलंसुद्धा नाही. कुठे ग्रामसंघाच्या कार्यालयात मशीन आलं, कुठे मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला गेला, तर कुठे ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रावर बसून आपण अर्ज टाईप करून घेतो. इतिवृत्त, ठराव, बँकेचा अर्ज, सभेची सूचना, पापडाच्या पाकिटावरची चिठ्ठी असं सगळं आता टाईप होऊन येतं. पण बऱ्याच जणी एक गोष्ट ठरवून करत नाहीत: हे लिखाण कशात करायचं? समोर जे उघडेल त्यात टाईप करायला लागतो. मग कधी छापलेल्या अर्जाच्या डोक्यावर भलतंच इंग्रजी नाव येतं, कधी मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि सुरगाणा-पेठहून एसटीने नाशिकला आलेल्या बाईचा एक दिवस, तिकिटाचे पैसे आणि रोजंदारी वाया जाते. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

दोन भांडी, दोन कामं

कॉम्प्युटरवर लिहायची साधनं मुख्यतः दोन जातीची असतात.

पहिली जात म्हणजे टेक्स्ट एडिटर. विंडोज असलेल्या प्रत्येक मशीनवर नोटपॅड असतं, ते याच जातीचं. यात फक्त अक्षरं साठतात. शब्द ठळक करणं, तक्ता आखणं, फोटो घालणं, समास सोडणं यासाठी ते बनलेलंच नाही. (नव्या विंडोजमधल्या नोटपॅडमध्ये थोड्या सोयी वाढल्या आहेत, पण स्वभाव तोच.) याची फाईल अगदी हलकी असते. युनिकोडमधल्या मराठीचं एक अक्षरचिन्ह साधारण ३ बाइट जागा घेतं. म्हणजे १५०० चिन्हांचं पानभर लिखाण साडेचार केबीच्या आसपास बसतं. तुमच्या मोबाईलमधला एक फोटोसुद्धा याच्या शेकडो पट जड असतो.

दुसरी जात म्हणजे वर्ड प्रोसेसर. मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि लिब्रे ऑफिस रायटर ही त्यातली आपल्याकडची ओळखीची नावं. यात अक्षरांबरोबर त्यांचा पोशाखही साठतो: अक्षर किती मोठं, ओळ मधोमध की कडेला, तक्ता कसा, पानाला क्रमांक कुठे, लेटरहेडवर गटाचं नाव कसं.

आपल्या भाषेत सांगायचं तर नोटपॅड म्हणजे निवडून-पाखडून डब्यात भरलेली नागली. तिची भाकरी करा, आंबील करा, पापड करा, कुठेही चालते. वर्ड म्हणजे लाटून, वाळवून, पाकिटात भरलेले पापड, थेट गिऱ्हाईकाच्या हातात द्यायला तयार. घरात दोन्ही लागतात. चूक होते ती गिऱ्हाईकाला डब्यातली नागली दिली तर, किंवा भाकरीसाठी पापडाचं पाकीट फोडायला घेतलं तर.

ठरवायचं कसं? एकच प्रश्न विचारा

लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा: हे शेवटी कागदावर छापून सही होणार आहे, की स्क्रीनवरच वाचलं जाणार किंवा दुसरीकडे चिकटवलं जाणार आहे?

छापून सही होणार असेल तर वर्ड किंवा रायटर. स्क्रीनवरच राहणार असेल तर नोटपॅड पुरे.

आता रोजची कामं घेऊन पाहू.

सभेची सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायची आहे. तारीख, वेळ, जागा, विषय, एवढंच. नोटपॅडमध्ये लिहा, कॉपी करा, चिकटवा. वर्ड उघडण्याची गरज नाही.

ऑनलाईन फॉर्ममध्ये गटाच्या कामाची माहिती भरायची आहे. हीसुद्धा आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवा. मध्येच लाईट गेली किंवा नेट तुटलं तर फॉर्ममधलं लिखाण उडतं, पण नोटपॅडमध्ये सेव्ह केलेलं जागेवर राहतं. वर्डमधून थेट फॉर्ममध्ये चिकटवलं तर पोशाखही मागून येतो आणि कधी ओळी वेड्यावाकड्या होतात. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. वर्डमधला मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथून पुन्हा कॉपी करा आणि मग फॉर्ममध्ये टाका. पोशाख नोटपॅडच्या दारात गळून पडतो.

बँकेचा अर्ज, इतिवृत्ताची टाईप केलेली प्रत आणि ठराव यांना वर्ड किंवा रायटरच हवं. नोटपॅडमधून छापलं तर पानाच्या वर आपोआप फाईलचं नाव आणि खाली पान क्रमांक इंग्रजीत येतो. फाईलला नाव दिलेलं नसेल तर वर ‘अनटायटल्ड’ छापून येतं. असा कागद बँकेच्या टेबलावर ठेवायला आपल्यालाच बरं वाटणार नाही.

पापड, मसाला, लोणचं यांची लेबलं. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तारीख आणि १४ आकडी अन्न परवाना क्रमांक, हे सगळं छोट्या चौकटीत नीट बसवायचं असतं. एका पानावर तक्ता आखून बारा लेबलं छापायची तर वर्ड प्रोसेसर लागणारच.

ग्रामसंघातल्या सगळ्या गटांना एकाच मजकुराची पत्रं, फक्त गटाचं नाव वेगळं. यासाठी वर्ड आणि रायटर दोन्हींत ‘मेल मर्ज’ नावाची सोय आहे. नावांची एक यादी आणि पत्राचा एक नमुना दिला की प्रत्येक गटाच्या नावाचं पत्र आपोआप तयार होतं. प्रत्येक पत्रात नाव बदलत बसण्यात वेळ जातो आणि एका गटाचं पत्र दुसऱ्याच्या नावाने जाण्याची भीतीही असते.

सहीचं पान सुटं राहू देऊ नका

ठरावाच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा, कारण यात गटाचा पैसा अडकलेला असतो.

बँकेच्या खात्यावर सही कोणी करायची हे ठरावाने ठरतं. अध्यक्ष किंवा सचिव बदलली की नवा ठराव, त्यावर सभासदांच्या सह्या, मग बँक. टाईप करताना मजकूर एक पान भरतो आणि सह्यांची जागा दुसऱ्या पानावर जाते. आता त्या दुसऱ्या पानावर नुसत्या सह्या आणि अंगठे आहेत, वर ठरावाचा एक शब्दही नाही. असं सुटं पान उद्या कोणत्याही कागदाला जोडता येतं. कोणी मुद्दाम करेलच असं नाही, पण अशी वाट उघडी कशाला ठेवायची?

वर्ड आणि रायटरमध्ये यावर इलाज आहे. समास आणि अक्षराचा आकार थोडा कमी करून सगळं एकाच पानावर बसवता येतं. दोन पानं लागणारच असतील तर ठरावाच्या शेवटच्या ओळी सह्यांबरोबर दुसऱ्या पानावर न्या. प्रत्येक पानावर गटाचं नाव, सभेची तारीख आणि ‘एकूण २ पैकी पान १’ असा क्रमांक टाका. हे एकदा नमुन्यात बसवून ठेवलं की दर वेळी करावं लागत नाही. आणि सही करण्याआधी प्रत्येकीने वरचा मजकूर वाचायचा, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्यायचा. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

टाईप केलेली प्रत कितीही देखणी असली तरी मूळ नोंद वहीतलीच, हेही विसरू नका. १९९२ साली नाबार्डने ५०० गटांपासून बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून गटाची पत ठरते ती नियमित सभा, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब यांवर. कॉम्प्युटर त्या वहीच्या मदतीला आहे, वहीच्या जागी नाही.

मराठी अक्षरांचा घोळ कुठून येतो

आता सर्वांत जास्त डोकेदुखीचा विषय. घरी नीट दिसलेली फाईल झेरॉक्सच्या दुकानात उघडली की अक्षरांचा खिचडा दिसतो. दुकानदार म्हणतो, “ताई, फॉन्ट नाही.” म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटर अक्षरं ओळखत नाही, तो आकडे साठवतो. जुन्या काळात श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाईप करायची पद्धत होती. त्यात आतमध्ये इंग्रजी अक्षरांचे आकडे साठायचे आणि वरून फॉन्ट त्यांना मराठी चेहरा चढवायचा. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही, तिथे मुखवटा पडतो आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

युनिकोडने हा प्रश्न सोडवला. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, तिच्यातच देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा राखलेला होता. ‘क’चा आकडा जगभर एकच. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी मोबाईलवर, बँकेच्या मशीनवर, परदेशातल्या नातवाच्या लॅपटॉपवरसुद्धा मराठीच दिसतं.

आपली फाईल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायला नोटपॅडच कामाला येतं. वर्डमधल्या दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिलं तर ते युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर ते जुन्या फॉन्टमधलं आहे. नोटपॅडला पोशाख कळत नाही, म्हणूनच ते खरा चेहरा दाखवतं. जुनी फाईल युनिकोडमध्ये बदलून देणारी सोय मिळते. पण मूळ फाईल जपून ठेवा, आणि बदललेल्या फाईलमधली नावं, जोडाक्षरं आणि रकमा एकेक करून वहीशी ताडून पाहा.

युनिकोडमध्ये टाईप कसं करायचं? विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा या भागात जाऊन मराठी जोडा. तिथे दोन प्रकारचे कीबोर्ड मिळतात. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं अशी रचना असते. शिकायला थोडे दिवस लागतात, पण एकदा बोटं बसली की वेग येतो. दुसरा फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहायचं. साधारण २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये तो मिळतो. कधीतरी एखादं पत्र लिहिणारीला फोनेटिक सोपा पडतो. रोज लिहायचं असेल त्या ताईने इनस्क्रिप्ट शिकावं.

सेव्ह करताना दोन धोके

एक. जुन्या विंडोजच्या मशीनवर नोटपॅड सवयीने ‘एएनएसआय’ या पद्धतीने सेव्ह करतं. त्या पद्धतीत मराठीला जागा नाही. सेव्ह करताना एक सूचना येते, आपण न वाचता ‘ओके’ दाबतो, आणि पुढच्या वेळी फाईल उघडली की सगळीकडे प्रश्नचिन्हं. ती अक्षरं परत येत नाहीत. म्हणून ‘सेव्ह ॲज’ केल्यावर खाली ‘एन्कोडिंग’ असं लिहिलेलं असतं, तिथे यूटीएफ-८ निवडा. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये ते आपोआप निवडलेलं असतं, तरी एक नजर टाका.

दोन. वर्डची फाईल चुकून नोटपॅडमध्ये उघडली तर स्क्रीनवर चित्रविचित्र खुणा दिसतात. घाबरू नका, फाईल खराब झालेली नाही. काहीही न टाईप करता, सेव्ह न करता ती बंद करा आणि वर्डमध्ये उघडा. सेव्ह केलंत तर मात्र ती खरोखर खराब होऊ शकते.

वर्ड विकत घ्यायचं का?

नोटपॅडला वेगळे पैसे पडत नाहीत. मायक्रोसॉफ्ट वर्ड विकतचं आहे, आणि हल्ली बहुतेक वेळा दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरायचे असतात. सभासदांच्या महिन्याच्या बचतीतून उभ्या राहिलेल्या गटाने हा खर्च करायचा का, हे सभेत बोलून ठरवा.

लिब्रे ऑफिस मात्र मोफत आहे. २०१० पासून स्वयंसेवकांच्या मदतीने ते तयार होत आलं आहे. त्यातला रायटर ठराव, अर्ज, लेबल, मेल मर्ज ही आपली सगळी कामं करतो. वर्डच्या फाईलीही उघडतो, फक्त तक्ते आणि ओळी कधी थोड्या हलतात. ओळखीच्या कोणी ‘फुकटात वर्ड टाकून देतो’ म्हटलं तर नको म्हणा. चोरून टाकलेल्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येतो, आणि त्याच मशीनवर सभासदांचे आधार आणि खाते क्रमांक असतात.

छपाईला जाताना एक सवय लावून घ्या: फाईल पीडीएफ करून न्या. वर्ड आणि रायटर दोन्हींत ही सोय आहे. पीडीएफमध्ये फॉन्टही बरोबर बांधून जातो, त्यामुळे दुकानात वर्ड असो वा नसो, घरी दिसलं तसंच छापून येतं. शिवाय चुकून कळ दाबली जाऊन रकमेतला आकडा बदलण्याची भीती राहत नाही. मूळ फाईल मात्र आपल्याकडे ठेवा, पुढच्या ठरावाला तोच नमुना कामी येतो.

हिशेब या दोन्हींत नको

काही ठिकाणी बचतीची यादी वर्डच्या तक्त्यात ठेवतात आणि बेरीज कॅल्क्युलेटरवर करून खाली टाईप करतात. एका ताईची रक्कम बदलली की खालची बेरीज जुनीच राहते आणि रोजमेळ जुळत नाही. हिशेबासाठी तिसरं भांडं आहे, एक्सेल किंवा लिब्रे ऑफिसचं कॅल्क. त्यात बेरजेचं सूत्र एकदा दिलं की आकडा बदलल्याबरोबर बेरीज बदलते. वर्डमध्ये फक्त तयार तक्ता चिकटवा.

मोबाईल असेल तर

सगळ्यांकडे कॉम्प्युटर नाही, पण मोबाईलमधलं नोट्सचं ॲप म्हणजे एक प्रकारचं नोटपॅडच. गुगलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह दाबून मराठी बोललात तर ते टाईप होतं. सभा संपल्यावर मुख्य मुद्दे असे बोलून ठेवा, मग कार्यालयातल्या मशीनवर पाठवून रायटरमध्ये नीट मांडा. आकडे आणि नावं मात्र हमखास तपासा. ‘पंधराशे’ आणि ‘पाचशे’ यांतला फरक गर्दीत मशीनला कळेलच असं नाही. रक्कम नेहमी आकड्यात आणि अक्षरात, दोन्हींत लिहा.

लिहिणारी बदलली तरी लिखाण राहिलं पाहिजे

पुष्कळ गटांत टाईप करणारी एकच असते. एखादी बारावी झालेली मुलगी, नाहीतर लेखापाल ताई. तिचं लग्न होतं, बदली होते, आणि तिच्याबरोबर फाईलीही जातात. कुठल्या फॉन्टमध्ये, कुठल्या नावाने, कुठल्या पेनड्राईव्हवर, कोणालाच ठाऊक नसतं. दहा वर्षांचे ठराव हे गटाचं धन आहे, एकीचं खाजगी नाही.

म्हणून साधे नियम करा. लिखाण युनिकोडमध्येच. फाईलच्या नावात आधी वर्ष, महिना, तारीख आणि मग विषय, म्हणजे यादी आपोआप ओळीने लागते. महत्त्वाच्या प्रत्येक कागदाची मूळ फाईल आणि पीडीएफ, दोन्ही जपा. त्यांची एक प्रत कार्यालयात, एक पेनड्राईव्हवर आणि एक गटाच्या ईमेलवर. ठरावाचा नुसता मजकूर नोटपॅडच्या फाईलमध्येही ठेवा, कारण उद्या वर्ड नसलं तरी साधी अक्षरं कुठल्याही मशीनवर उघडतात. आणि सेवा केंद्रावर किंवा दुकानात टाईप केलं असेल तर निघताना तिथली फाईल काढून टाकायला सांगा, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

पुढच्या सभेत एवढं करा

१. गटाच्या जुन्या फाईलींतल्या दोन ओळी नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. मराठी राहतं का?

२. ठरावाचा एक नमुना रायटरमध्ये करून ठेवा: गटाचं नाव, सभा क्रमांक, तारीख, उपस्थिती, विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, सह्या, पान क्रमांक.

३. टाईप येणाऱ्या ताईने आणखी दोघींना शिकवायचं, आणि त्यातली एक तरी चाळिशी ओलांडलेली असू द्या. कळ दाबायला वय लागत नाही, भीती तेवढी मोडावी लागते.

हे तीन झाले की मशीनसमोर कोणीही बसलं असलं, तरी काय लिहिलं जातंय आणि ते कुठे जातंय, हे आपल्या सगळ्यांना कळत राहील.